विद्यार्थ्याचे यश कोणाकोणाच्या हाती?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी सूचना आली, तेव्हा हा विषय मी स्वतः मागून घेतला. मी शिक्षक नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. बी. कॉम. झालो आणि गादीवर बसलो. पुढचा सारा अभ्यास कापडाचा. परंतु कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट पाहावयास मिळते, ती शाळेतील गुरुजनांनाही क्वचित दिसत असेल. वर्षातून दोन-तीन वेळा अख्खे कुटुंब त्याच्यासमोर येऊन बसते आणि मुलांविषयी मुलांच्या देखतच बोलते. "हा हुशार आहे, पुढे इंजिनिअर व्हायचा आहे, याला चांगले दाखवा. याचे काय, याचे डोके चालत नाही, कोणतेही चालेल." ज्याचे डोके चालत नाही असे म्हटले जाते, तो मुलगा त्या वेळी ताक्यावर हात फिरवीत खाली मान घालून बसलेला असतो. हे वाक्य मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि त्याविषयीच आज बोलणार आहे.

मूल अभ्यासात मागे पडले की आपण दोन कारणे देतो. सुशिक्षित घरात म्हणतात, बुद्धी कमी आहे. धार्मिक घरात म्हणतात, ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, क्षयोपशम कमी पडतो. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. दोन्हींमुळे विषय तेथेच संपतो आणि वडीलधाऱ्यांना काहीच करावे लागत नाही.

पण तत्त्वार्थसूत्र, जे दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांना मान्य आहे, ते या बाबतीत आपल्याला सुटू देत नाही. त्याच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत : प्रदोष, निह्नव, मात्सर्य, अंतराय, आसादन आणि उपघात. यातील अंतराय या शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत विघ्न आणणे म्हणजे अंतराय. येथे कर्माचा बंध विघ्न आणणाऱ्याला पडतो. तेव्हा मुलाच्या क्षयोपशमाची चर्चा करण्यापूर्वी, त्याच्या अभ्यासात विघ्न आणणारे घरात कोण कोण आहे, याची मोजदाद करणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते. पंडितजींची क्षमा मागून मी व्यापाऱ्याच्या बुद्धीने हा अर्थ लावला आहे.

ही मोजदाद मी आपल्या व्यवसायापासूनच सुरू करतो. आपल्या समाजात दुकानदार पुष्कळ. सहामाही परीक्षा आणि दिवाळीची गर्दी एकाच सुमारास येते. दहावी-बारावीची परीक्षा आणि लग्नसराई यांचेही तेच. मुलगा नववीत गेला की, "शाळा सुटल्यावर दोन तास गल्ल्यावर बस, नाहीतरी उद्या तुलाच सांभाळायचे आहे," असे आपण म्हणतो. दुकानात मुलगा काही शिकत नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. गिऱ्हाईक ओळखणे, तोंडी हिशोब, उधारीची स्मृती, वाणीचा गोडवा हे कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. तथापि एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही मुले भाजी-फळांच्या व्यवहारातील गुंतागुंतीचे हिशोब क्षणात तोंडी करीत होती. परंतु तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने मांडून दिली, तर त्यांतील बहुतेकांना ती सुटत नव्हती. उलट, शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरची गणिते येत होती आणि बाजारातील हिशोब जमत नव्हते. म्हणजे दुकानात हिशोब पक्का होतो म्हणून शाळेचे गणित आपोआप सुधारेल, ही आपली समजूत खरी नाही. दोन्ही ठिकाणची विद्या स्वतंत्र आहे आणि दोन्हींना स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. दुकानाचा वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीतून काढावा. परीक्षेच्या महिन्यात गल्ल्यावर बसविलेल्या मुलाचा वेळ कोणत्या खात्यातून जातो, ते आपण खतावणी उघडून पाहावे.

व्यापारी आहोत म्हणून आणखी एक उदाहरण देतो. गुणपत्रिका म्हणजे ३१ मार्चचा ताळेबंद. त्या एका दिवशी काय स्थिती होती, एवढेच तो सांगतो. ती स्थिती कशी आली हे कळण्यास रोजमेळ पाहावा लागतो. आपण मुलाचा ताळेबंद पाहून रागावतो किंवा पेढे वाटतो. त्याचा रोजमेळ मात्र वर्षभरात एकदाही उघडत नाही. मूल किती वाजता झोपते, शाळेत फळा दिसेल अशा जागी बसते की नाही, सहावीत कोणता धडा त्याला समजला नव्हता, गणिताच्या तासाला त्याला भीती का वाटते, या साऱ्या नोंदी त्या रोजमेळात असतात.

फळ्यावरून आठवले. आपल्या घरांत वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा म्हणजे खोडकर, अशी ठाम समजूत आहे. त्याला दूरचे दिसत नसेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. आणि ज्या मुलाला जन्मापासून धूसर दिसते, त्याला आपल्याला धूसर दिसते हे कळणार तरी कसे? चीनमधील गान्सू या प्रांतात ग्रामीण शाळांतील ज्या मुलांची दृष्टी अधू होती, त्यांना विनामूल्य चष्मे देऊन पाहण्यात आले, तेव्हा त्यांच्या परीक्षेतील कामगिरीत सुधारणा झाली. न शिकवणी, न नवे पुस्तक, केवळ चष्मा. विशेष म्हणजे, फुकट मिळत असूनही काही घरांनी तो नाकारला. आपल्याकडेही मुलीला चष्मा लागला तर लग्न जमताना अडचण येईल म्हणून तो टाळणारी घरे मी पाहिली आहेत. अशा मुलीला आपण पुढे 'अभ्यासात बेताची' म्हणतो.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. या बाबतीत आपल्या पूर्वजांनी आपल्याला एक व्यवस्था देऊन ठेवली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन झाले की संध्याकाळचे तीन तास मोकळे मिळत. स्वयंपाकघर आवरलेले, पोट हलके, घर शांत. रात्रिभोजनत्यागाचा मूळ हेतू अहिंसेचा, हे खरेच. पण विद्यार्थ्याला त्याचा हा आनुषंगिक लाभ होता. आता ज्या घरांत हा नियम पाळला जातो, तेथेही ते तीन तास मोबाइल आणि दूरदर्शन मालिकांच्या स्वाधीन होतात. घरातील ज्येष्ठांच्या हातात मोबाइल असताना मुलाला "तू वाच" असे सांगणे किती परिणामकारक ठरते, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय मागून घेतला, त्याकडे येतो. मूल एकाएकी मागे पडत नाही. तिसरी-चौथीत कोठेतरी वाचन अडते, भागाकार समजत नाही. वर्ग पुढे जातो, कारण शिक्षकांना अभ्यासक्रम पूर्ण करावयाचा असतो. त्यानंतरचा प्रत्येक धडा त्या न समजलेल्या धड्यावर उभा असतो. दहावीला पंचेचाळीस टक्के मिळाले की आपण दहावीला दोष देतो. घडी चौथीत चुकलेली असते.

'प्रथम' या संस्थेतर्फे २००५ सालापासून 'असर' या नावाचा अहवाल प्रसिद्ध होत आला आहे. कार्यकर्ते खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना एक साधा उतारा वाचावयास देतात. २०१८ साली ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ च्या अहवालात हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. २०२४ च्या अहवालात ते पुन्हा बरेचसे सावरले. आपली मुले खेड्यातील सरकारी शाळेत नाहीत, इंग्रजी माध्यमात आहेत, म्हणून हे आकडे आपल्याला लागू नाहीत असे कोणास वाटेल. मी त्यांना एवढीच विनंती करीन, की आज घरी गेल्यावर पाचवीतील मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद वाचावयास सांगावा आणि त्याचा अर्थ आपल्या घरच्या भाषेत विचारावा. आपल्या घरांत कोणी मराठी बोलते, कोणी गुजराती, कोणी मारवाडी. जो धडा मुलाला घरच्या भाषेत सांगता येत नाही, तो त्याला पाठ असेल, समजलेला नसतो. इंग्रजी शाळेला माझा विरोध नाही. माझीच नातवंडे तेथे शिकतात. पण शाळेची भाषा आणि घराची भाषा यांमध्ये पूल बांधण्याचे काम घरालाच करावे लागते आणि त्यासाठी आईला इंग्रजी येण्याची गरज नसते. "आज काय शिकलास, मला समजावून सांग," एवढे म्हणणे पुरते.

मागे पडलेले मूल पुन्हा बरोबरीला आणता येते काय? येते, आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिकेच्या शाळांत 'प्रथम'ने 'बालसखी' नावाचा उपक्रम चालविला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट करून, त्याच परिसरातील शिकलेल्या तरुणींकडे ते रोज सुमारे दोन तास सोपविण्यात आले. या तरुणी प्रशिक्षित शिक्षिका नव्हत्या. त्यांनी एवढेच केले, की मुलाची इयत्ता न पाहता त्याला काय येते ते पाहिले आणि तेथून पुढे शिकविले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या उपक्रमाचे मोजमाप केले. मुलांची प्रगती स्पष्ट दिसून आली आणि सर्वाधिक लाभ सर्वांत कच्च्या मुलांना झाला. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मला या हकीकतीतील नोबेलपेक्षा त्या शेजारच्या तरुणींचे मोल अधिक वाटते. अशा शिकलेल्या मुली आणि सुना आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. दुपारचे दोन तास त्यांच्याकडे असतात, फक्त त्यांना कोणी विचारीत नाही.

अभ्यास कसा करावा याविषयी विद्यार्थी मित्रांना एक गोष्ट सांगतो, म्हणजे त्यांना हे भाषण अगदीच कंटाळवाणे वाटणार नाही. बहुतेक मुले धडा पुन:पुन्हा वाचतात आणि वाचताना सोपा वाटला म्हणजे आला असे समजतात. अमेरिकेतील सेंट लुइस येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मुलांनो, तुमची वार्षिक परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आपल्या परंपरेत हे नवीन नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार आले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचावे, शंका विचारावी, मनात घोळवावे, शुद्ध उच्चारांसह आवर्तन करावे आणि शेवटी दुसऱ्यास सांगावे. पाठशाळेत ज्या मुलाने संपूर्ण भक्तामर मुखोद्गत केले आहे, त्याची स्मरणशक्ती कमी आहे असे कोण म्हणेल? तरीही तोच मुलगा शाळेत 'लक्षात राहत नाही' अशी तक्रार करतो, कारण भक्तामर त्याने पाहून म्हणणे सोडून पुन:पुन्हा न पाहता म्हटले आणि ताईंनी रोज थोडे थोडे ऐकून घेतले. इतिहासाचे पुस्तक मात्र तो परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो. या पाचांतील पृच्छना ही आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाळेत "मधे बोलू नकोस" आणि घरात "उलट बोलू नकोस" असे ऐकावे लागते.

शिकवणी वर्गांविषयी मी फार बोलत नाही. चांगला वर्ग उपयोगी पडतो. लातूरच्या यशाच्या मुळाशीही वारंवार सराव परीक्षा घेण्याची शिस्त होती, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या मुलाचा चौथीचा भागाकार कच्चा आहे, त्याला अकरावीत लाखभर रुपये भरून वर्गास घालणे म्हणजे पाया न भरता मजले चढविणे. त्या दडपणाखाली कोवळी मुले कोणत्या टोकाला जातात, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याहून अधिक या मंगल प्रसंगी बोलवत नाही.

बंधू-भगिनींनो, परिस्थिती बदलली तर विद्यार्थी बदलतो, हे आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाने फार पूर्वी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभारले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. बहुजनांच्या मुलांचे डोके चालत नाही, असे त्या काळी पुष्कळ शहाणी माणसे बोलत. कर्मवीरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी मुलांना डोक्यावर छप्पर, दोन वेळची भाकरी, अभ्यासाची ठरलेली वेळ आणि पाठीवर हात दिला. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, इतकेच काय मंगळसूत्रही दिले. पुढे त्याच मुलांतून शिक्षक, अधिकारी आणि प्राचार्य निर्माण झाले. ज्यांचे नाव त्या बोर्डिंगला दिले गेले, त्या शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न आल्यास दंड पालकाला ठेवला होता. अपराध कोणाचा, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. मुलींच्या बाबतीत सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमाच्या माध्यमातून हेच कार्य केले. ज्यांना घरी बसविले गेले असते, अशा भगिनींना त्यांनी पाटीपुस्तक दिले.

हे सर्व आपल्या ट्रस्टच्या व्यासपीठावरून सांगण्याचे कारण आता स्पष्ट करतो. गुणगौरवासाठी आपण पंच्याऐंशी टक्क्यांची अट ठेवली आहे. ज्यांना स्मृतिचिन्ह मिळाले, त्यांचे मन:पूर्वक अभिनंदन. त्यांचे कष्ट खरे आहेत. हा समारंभ बंद करावा असे माझे म्हणणे नाही. परंतु सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी निधीच्या विनियोगाविषयी जी चर्चा चालू आहे, तीत माझे मत नोंदवून ठेवावे. ज्याला पंच्याऐंशी टक्के मिळाले, त्याच्या पाठीशी घर उभे होते, म्हणूनही ते मिळाले. या निधीतील निम्मी रक्कम ज्यांच्या पाठीशी तसे घर नाही, त्यांच्यासाठी राखून ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. दात्यांचे नाव स्मृतिचिन्हावर झळकते, चष्म्याच्या काडीवर ते लिहिता येत नाही, ही अडचण मला माहीत आहे. आपल्यातील काही मंडळी मंदिराच्या गुप्तपेटीत नाव न लिहिता दान टाकतात. त्याच भावनेने हे करता येईल.

खर्च फार नाही. धर्मशाळेचे वरचे सभागृह चातुर्मासातील प्रवचने सोडली तर संध्याकाळी रिकामे असते. तेथे सहा ते नऊ अभ्यासिका सुरू करावी; चार पंखे, चांगले दिवे आणि मोबाइल खाली कार्यालयात ठेवण्याचा नियम. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाठशाळेतील सर्व मुलांची नेत्रतपासणी व्हावी. समाजातील नेत्रतज्ज्ञ डॉक्टर बंधू नाही म्हणणार नाहीत. रविवारी पाठशाळेनंतर एक तास तिसरी ते पाचवीच्या कच्च्या मुलांसाठी असावा आणि तो महिला मंडळाने चालवावा. आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना गणित शिकवावे. स्वाध्यायाचा पाचवा प्रकार त्यांच्याकडून आपोआप घडेल, आणि शिकविल्याने स्वतःचे किती पक्के होते, तेही त्यांना कळेल. पहिल्या वर्षीच्या चष्म्यांचा खर्च आमच्या दुकानाकडे असू द्यावा. अभ्यासिकेसाठी सायंकाळी एक तास बसू शकतील अशा निवृत्त शिक्षकांनी आणि भगिनींनी आपली नावे आज भोजनानंतर कार्यालयातील वहीत लिहून द्यावीत. वही टेबलावर ठेवलेली आहे.